एका दुखण्याची दहा नावे



कपाशीची पाने लाल पडली की आपण लगेच फवारा मारत नाही. मॅग्नेशियम कमी पडले की तुडतुडे आले, की रात्रीची थंडी वाढली, हे आधी पाहतो. लाल्याचे कारण कळल्याशिवाय औषधावर पैसा घालायचा नाही, हे ठेच खाऊन शिकलो आहोत. मात्र घरातली बाई दुखण्याने लाल-पिवळी झाली, तर हे शहाणपण कोठे जाते?

आम्ही काही जणी या दुखण्याच्या आहोत. सकाळी मूठ वळत नाही. गाय पान्हवते, पण धार काढता येत नाही. तासा-दोन तासांनी हात मोकळे होतात, म्हणून घरच्यांना वाटते, सोंग आहे. संध्याकाळी बारीक ताप. तोंडात फोड. विंचरताना हातात केसांचा पुंजका. निंदणीला उन्हात गेलो की गालांवर लाल चट्टे. थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी, मग निळी. आज एक दुखते, महिन्याने दुसरे.

प्रत्येक दुखण्यासाठी आम्ही वेगळे दार ठोठावले. सांध्यांना वाताचे औषध, तापाला टायफॉइडचा कोर्स, चट्ट्यांना मलम, थकव्याला सलाईन. कोणी चिकुनगुनिया म्हणाले, कोणी टीबी. देवऋषी म्हणाला, बाहेरचे आहे. प्रत्येकाने तुकडा पाहिला, बाई कोणीच पाहिली नाही. वर्षे गेली, शेळ्या विकल्या, सावकाराचे दार पाहिले.

अखेर नाव कळले : ल्युपस. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसे. आमवात, तोंड-डोळे कोरडे पाडणारा शोग्रेन, थायरॉइडचे काही आजार याच कुळातले. एकाच बाईत दोन-दोन एकत्र नांदतात, म्हणून ओळख पटत नाही. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन कष्टाच्या वयातल्या. ऊन लागले की हा आजार उसळतो, आणि आमची मजुरी तर उन्हातच आहे!

संशय आला की एएनए नावाची रक्ततपासणी करतात. पण ती धडधाकट माणसातही कधी होकारार्थी येते. म्हणून कागदावर निकाल नाही; सगळी लक्षणे एकत्र मांडून पाहणारा डॉक्टर लागतो. लघवीची साधी तपासणी तर चुकवूच नये. मूत्रपिंड गुपचूप बिघडते, दुखत नाही. पायावर सूज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणखी एक सांगणे. नाव नसलेल्या पुडीतल्या गोळीने दोन दिवसांत उठून बसता येते. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. स्टेरॉइड वैरी नव्हे. १९५० चे नोबेल पारितोषिक याच संशोधनाला मिळाले. पण मोजमाप नसेल तर हाडे पोकळ होतात, साखर वाढते, आणि मूळ रोग झाकला जातो. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडणेही घातक. दोन्ही डॉक्टरला विचारूनच.

ल्युपसवरची एक मुख्य गोळी, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, जुनीच आहे, मलेरियाची. २०२० साली करोनावर ती चालते अशी हूल उठली आणि आमच्यासारख्यांना दुकानोदुकानी हिंडावे लागले. ज्यांचे जगणे त्या गोळीवर, त्यांचा विचार कोणाच्याच यादीत नव्हता.

आता हिशेबाचे बोलू. शेतकरी चळवळ उत्पादन खर्च मागत उभी राहिली. १९८६ साली चांदवडला बायका जमल्या, आणि बाईच्या कष्टाचा प्रश्न मांडवात आला. मग बाईच्या दुखण्याचा खर्च कोणत्या रकान्यात लिहिता? महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होणाऱ्यांसाठी आहे. आमचा आजार भरती होण्याचा कमी, जन्मभर गोळ्या आणि तपासण्यांचा जास्त. तो पैसा पदरचाच जातो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे तीन ठराव आहेत. जिल्हा रुग्णालयात सांध्यांच्या व अशा आजारांच्या जाणकार डॉक्टरचा ठरलेला दिवस असावा. या तपासण्या आणि महिन्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाव्यात. तिसरा ठराव सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे : घरात एक वही ठेवा. कोणत्या तारखेला काय दुखले, काय औषध दिले, काय झाले, ते लिहा आणि प्रत्येक डॉक्टरपुढे तीच वही ठेवा. बैलाच्या आजारपणाची तारीख तुम्हाला पाठ असते. बाईची का नसावी?

आणि भावांनो, सकाळी तिची मूठ वळत नसेल, तर धार तुम्ही काढा. त्यासाठी ठरावाची वाट पाहू नका.