स्वमग्न कोण?

दिवाळी अंकातले हे सदर म्हणजे फराळाच्या ताटातली माझ्या वाटणीची करंजी, असे मी आजवर समजत आलो. एखादा शब्द घ्यावा, त्याचे मूळ सांगावे, दोनचार गमती सांगाव्यात आणि वाचकांना चकलीकडे मोकळे सोडावे, हा आपला दरवर्षीचा रिवाज. यंदाही मी शब्दच घेतला आहे. मात्र तो मला कोशात सापडलेला नाही. तो माझ्या बहिणीच्या घरून आला आहे, आणि यायला त्याला फार उशीर झाला. त्या उशिरात माझाही हात होता.

माझी धाकटी बहीण तळेगावला राहते. लग्न झाल्यापासून तिची एकही भाऊबीज चुकली नव्हती. गेल्या वर्षीही ती, मेहुणे आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पुण्याला आमच्याकडे आले. भाचा नेहमीप्रमाणे कोणाकडे न बघता थेट खिडकीपाशी गेला आणि एका सुरात म्हणू लागला, “तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर, पुणे.” मध्येच कोणी “काय रे, परीक्षा कशी झाली?” असे विचारले, की गाडी पुन्हा तळेगावहून सुटे.

त्याच्या बोलण्याची आम्हांला मोठी मौज वाटे. आई म्हणाली, “अरे, किती प्रश्न विचारशील? जीव नको खाऊस माझा!” तो शांतपणे म्हणाला, “मी चकली खातोय.” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “अनारसे कसे झालेत?” आम्ही सगळ्यांनी “वा, छान!” म्हटले होते. हा म्हणाला, “चिवट.” अनारसे चिवट झाले होते यात शंका नाही, पण ते सांगायचे नसते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र मौज संपली. उटणे लावायला गेलो तर तो अंग चोरून ओरडू लागला. नवा सदरा घातला, तो त्याने मानेपाशी ओढून फाडला. तेवढ्यात शेजारच्या मुलांनी जिन्यातच फटाक्यांची माळ लावली. पोर कानांवर हात दाबून जेवणाच्या टेबलाखाली शिरले आणि टेबलाच्या पायावर डोके आपटू लागले. घर पाहुण्यांनी भरलेले. सगळे दारात गोळा झाले. तेव्हा मी, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, म्हणालो, “एक सणसणीत ठेवून दे, म्हणजे ताळ्यावर येईल. तुम्हीच लाडावून ठेवलाय त्याला!”

बहीण काही बोलली नाही. ती टेबलाखाली जाऊन त्याच्याजवळ बसली. त्याला हातही न लावता, नुसती बसली. दुपारी तिघेही तळेगावला निघून गेले. भाऊबीजेला माझा पाट मांडला गेला नाही.

पुढे संक्रांतीला मीच तिळगूळ घेऊन तिच्याकडे गेलो. तेव्हा तिने कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी निदान लिहिले होते : ऑटिझम. मराठीत ज्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात, ते. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. “मला का नाही सांगितलंस?” मी विचारले. ती म्हणाली, “दादा, तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. आणि तू तेच म्हणालास.”

घरी येऊन मी वाचू लागलो. मराठीच्या मास्तराने आधी शब्दच पाहावा. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्यावरून हा शब्द घडवला आणि १९११ साली स्किझोफ्रेनियावरील आपल्या ग्रंथात वापरला. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. त्या मुलांना माणसांपेक्षा वस्तूंची ओढ होती, तेच तेच बोलावेसे वाटे, आणि ठरलेल्या क्रमात काडीचा फरक खपत नसे. कॅनर यांनी त्यांच्यासाठी हाच शब्द उसना घेतला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी चांगले बोलणारी, पण माणसांत न मिसळणारी अशी मुले वर्णिली. आज ही सारी एकाच विस्तीर्ण पट्ट्यातली मानतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदान-ग्रंथात त्यांची लक्षणे दोन मथळ्यांखाली दिली आहेत.

पहिला मथळा माणसामाणसांतल्या देवघेवीचा. नजरेला नजर न देणे, हाकेला ओ न देणे, समवयस्कांशी खेळ न जमणे, चेहऱ्यावरचा व स्वरातला अर्थ न उमगणे. काही मुले बोलतच नाहीत. काही ऐकलेलेच वाक्य जसेच्या तसे परत म्हणतात. काही आमच्या भाच्यासारखी भरपूर बोलतात, पण शब्दाचा वाच्यार्थ तेवढा धरतात. वर्गात मी गेली कित्येक वर्षे अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवतो आहे. पण आपले सारे घरगुती बोलणे व्यंजनेवर चालते, हे मला नऊ वर्षांच्या पोराने शिकवावे! “बराच उशीर झाला, नाही?” म्हणजे आता उठा. “चहा कशाला आता!” म्हणजे टाका आधण. ज्याला केवळ अभिधाच ऐकू येते, त्याला आपल्या दिवाणखान्यात किती परके वाटत असेल!

दुसरा मथळा पुनरावृत्तीचा. एकाच विषयाचा ध्यास, ठरलेला क्रम, हात फडफडवणे, डुलणे. ही खोड नव्हे. पुष्कळदा त्याने जीव शांत होतो. आमच्या भाच्याची स्टेशने हा त्यातलाच प्रकार. माणसांनी भरलेल्या अनोळखी गदारोळात तेवढी बारा नावे आपली जागा सोडत नाहीत. याच मथळ्याखाली ज्ञानेंद्रियांचाही भाग येतो. काहींना आवाज, स्पर्श, वास, उजेड आपल्या कितीतरी पट तीव्र जाणवतात. काहींना उलट वेदनाही कमी कळते. सदऱ्याच्या मानेपाशी शिवलेली कापडी चिठ्ठी त्याला काट्यासारखी बोचत होती. उटणे म्हणजे वाळूचा कागद, आणि ती माळ जणू कानाच्या आतच फुटली होती. हट्ट करणारे मूल कोण बघते आहे, इकडे एक डोळा ठेवून असते. टेबलाखालच्या पोराला कोणीच दिसत नव्हते. त्याला मी सणसणीत ठेवून द्यायला सांगत होतो.

आणि ‘लाडावून ठेवलाय’! वाचता वाचता मला कळले, की हा आरोप माझ्या आधीही झाला होता. कॅनर यांच्याच लिखाणात या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाचा उल्लेख होता. त्यावरून पुढे कित्येक वर्षे डॉक्टरमंडळी आईकडे बोट दाखवीत राहिली. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते, ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास करून यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दाखवले. लसीमुळे हे होते, असेही १९९८ सालच्या एका लेखामुळे पसरले होते; तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. म्हणजे तिकडे आई फार थंड म्हणून दोषी, इकडे फार मायाळू म्हणून दोषी. काही झाले तरी आईच. आणि इकडचा न्यायाधीश तिचा सख्खा भाऊ.

हे दुखणे नव्हे, की ज्यावर गोळी घेतली आणि बरे झाले. ही मेंदूची जन्मजात वेगळी घडण आहे. लवकर ओळखले, तर बोलणे, कपडे घालणे, रस्ता ओलांडणे पुष्कळ शिकवता येते. म्हणून घरोघरच्या आज्यांना सांगतो. वर्षाचे मूल नावाने हाक मारूनही वळून बघत नसेल, दीड वर्षाचे मूल ‘तो बघ काऊ’ म्हणून बोट दाखवीत नसेल, किंवा आलेले शब्द हरवू लागले असतील, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञाला दाखवा. मुली पुष्कळदा दुसऱ्यांचे बघून वागणे निभावून नेतात, म्हणून त्यांचे लक्षात यायला अधिकच उशीर होतो. आणि अशा मुलाकडून गणिताच्या चमत्कारांची अपेक्षाही करू नका. काहींपाशी अशी देणगी असते, पुष्कळांपाशी नसते, आणि माया करायला ती लागत नाही. आपल्या २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. कागद सरकारने केला आहे. दार आपण उघडायचे आहे.

आता त्या शब्दाकडे परत येतो. मराठीत ‘मग्न’ हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. कवी चिंतनात मग्न, भक्त भजनात मग्न. फक्त या मुलांच्या बाबतीत तो तक्रारीसारखा लागतो : हा आपल्यातच बुडालेला, याला आमची पर्वा नाही. २०१२ साली इंग्लंडात डेमियन मिल्टन या अभ्यासकाने, जे स्वतः स्वमग्न आहेत, असे मांडले की हे न समजणे दुतर्फा आहे. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. मला ते पटले. गेल्या दिवाळीच्या पहाटे आमच्या घरात कोणी स्वतःत बुडालेले असेल, तर तो मी होतो. चार पाहुण्यांत आपली शोभा झाली, यापलीकडे मला काही दिसत नव्हते.

यंदा नवरात्रात मी बहिणीला फोन केला. “दिवाळीला या,” म्हटले. ती “बघू” म्हणाली. मराठीत ‘बघू’ची व्यंजना काय, हे मी सांगायला नको. मग मला एक सुचले. भाच्याच्या नावाने मी एक कागद पाठवला. रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या रेघा आखून त्यात सारे लिहिले : किती वाजता उठणे, उटणे नाही, साधे पाणी, कपडे जुने, त्याच्या पसंतीचे, फराळ अमुक वाजता, पाहुणे अमुक ते अमुक, फटाके वाजतील त्या वेळी मागची खोली, दार बंद, पंखा चालू, आत मामाखेरीज कोणी नाही आणि मामा बोलणार नाही. जिन्यात माळ लावायची नाही, असे शेजारच्या मुलांनी कबूल केले आहे. त्या बदल्यात मी त्यांना काय कबूल केले, ते इथे सांगत नाही.

चार दिवसांनी कागद परत आला. खाली पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत, एकच ओळ होती : “परतीची गाडी लिहिलेली नाही.”

चूक माझीच होती. आता लिहिली आहे.