माईकपासूनचे अंतर

१४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर भीमगीतांचे मंच उभे राहतात, फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणमध्ये गोदाकाठी कीर्तने होतात, खुलताबादच्या उरुसात कव्वाली रात्र जागवते. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासचे आपले बरेचसे सामुदायिक ऐकणे असे उघड्यावर, गर्दीत, जनरेटर आणि हॉर्नच्या गदारोळात चालते. अशा ठिकाणी गायकाच्या तोंडासमोर कोणता माईक असावा, हा खरेदीपुरता प्रश्न नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळतो की नुसता गोंगाट, हे त्यावर ठरते. मंडळांच्या, महाविद्यालयांच्या आणि सभागृहांच्या कपाटांत पडलेले तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे डायनॅमिक माईक भंगारात काढण्याआधी दुरुस्त करून वापरावेत, असे माझे ठाम मत आहे. जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी मी हे म्हणत नाही. आपल्या मंडपांच्या परिस्थितीला त्यांची रचनाच मानवते.

डायनॅमिक माईकच्या पोटात फार काही नसते. एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेली बारीक तारेची कॉइल आणि तिच्याभोवती चुंबक. आवाजाने पडदा हलतो, कॉइल चुंबकीय क्षेत्रात पुढे-मागे होते आणि तारेत सूक्ष्म वीज तयार होते. बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. कंडेन्सर माईकला मिक्सरमधून लागणारे ४८ व्होल्ट इथे लागत नाहीत. वापरण्याजोगा पहिला डायनॅमिक माईक वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३१ मध्ये आणला, शुअरचा युनिडाइन १९३९ मध्ये आला आणि आज जगभरच्या मंचांवर दिसणारा एसएम५८ हा १९६६ चा. ती रचना इतक्या वर्षांत मुळातून बदललेली नाही. आपल्याकडे १९४० पासून ध्वनिक्षेपणाच्या व्यवसायात असलेल्या आहुजाचे माईक गावोगावच्या सभांनी, शाळांनी आणि मंदिरांनी वापरले, तेही याच तत्त्वावरचे. त्यामुळे चाळीस वर्षांचा डायनॅमिक माईक कालबाह्य ठरत नाही. तो बिघडलेला असेल किंवा नसेल, एवढाच प्रश्न उरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘डायनॅमिक माईक आजूबाजूचा आवाज घेत नाही’ असे साउंडवाले छातीठोकपणे सांगतात, आणि घरच्या खोलीत पंख्याखाली पॉडकास्ट करणारी मुलेही त्याच विश्वासाने असा माईक विकत घेतात. हे अर्धसत्य आहे. माईकला गायक कोण आणि जनरेटर कोण हे कळत नाही. फरक पडतो तो अंतराने. तोंड आणि माईक यांतले अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. ती घट भरून काढायला साउंडवाला गेन वाढवतो आणि त्याबरोबर पंखा, ढोलकी, समोरचा स्पीकर असे सगळेच वाढते. चार बोटांवरचा माईक वीतभर लांब गेला, तर ही घट नऊ-दहा डेसिबलपर्यंत जाते. कंडेन्सर संवेदनशील असल्याने लांबूनही भरपूर आवाज देतो, म्हणून वक्ता निर्धास्तपणे दूर उभा राहतो. डायनॅमिक माईक लांबून पुरेसा आवाज देतच नाही. तो माणसाला जवळ यायला भाग पाडतो. लोक याला त्याचा दोष समजतात. मला तोच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण आपल्या मंडपांत शब्द वाचवण्याचा जवळ येण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा उपाय नाही.

हा गुण हाताच्या पकडीने कसा वाया जातो, तेही पाहण्यासारखे आहे. गाण्यासाठीचे बहुतेक माईक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचे ऐकतात आणि मागचे बरेचसे टाळतात. ही किमया जाळीच्या आत, कॅप्सूलच्या (पडदा आणि कॉइल बसवलेल्या डबीच्या) मागच्या बाजूला असलेल्या छिद्रांमुळे घडते. मागून आलेला आवाज त्या छिद्रांतून आणि समोरून अशा दोन्ही वाटांनी पडद्यावर पोहोचतो आणि बराचसा रद्द होतो. गायकाने जाळीच मुठीत धरली की ती छिद्रे बुजतात, माईक चहूकडचे ऐकू लागतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. मग दोष माईकच्या वयाला दिला जातो आणि समितीत नव्या माईकचा ठराव होतो. नवा माईकही त्याच मुठीत जातो. शब्द कळत नाही म्हणून आवाज चढवत नेण्याची आपली सवय इथूनच सुरू होते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ७५ डेसिबलची कमाल मर्यादा घालणारा नियम मोडायला मग वेळ लागत नाही.

यावर जाणकार म्हणतील की डायनॅमिक माईकला वरच्या पट्टीतले बारकावे टिपता येत नाहीत. हे खरे आहे. पडद्याबरोबर कॉइलचे वजनही हलवावे लागत असल्याने तो अतिवेगवान कंपनांना तितक्या चपळाईने साथ देत नाही. तानपुऱ्याची जवारी, संतूरचा पहिला टणत्कार किंवा सतारीच्या तरफा टिपायच्या असतील, तर चांगला कंडेन्सरच हवा. वेरुळ-अजिंठा महोत्सवासारख्या ठिकाणी वादकासमोर जुना डायनॅमिक माईक ठेवा, असे मी म्हणणार नाही. पण मानवी आवाजाची गोष्ट वेगळी आहे. १९८२ मध्ये ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियन यांनी ‘थ्रिलर’साठी मायकेल जॅक्सनचा आवाज टिपला, तो मुख्यतः शुअरच्या एसएम७ या डायनॅमिक माईकवर. त्यांना कोणताही महागडा कंडेन्सर सहज मिळाला असता. वरच्या पट्टीत किंचित मऊ पडणारा माईक खड्या, चिरक्या आवाजाला उलट सांभाळून घेतो, आणि आपल्या शाहिरी-कव्वालीच्या परंपरेत खडा आवाज हेच तर भांडवल असते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: जुन्या माईकचा भरवसा काय? भरवसा तपासणीतून येतो, वयातून नव्हे. जाळी काढली की आतला फोम बहुधा काळा पडून चुरा झालेला दिसतो. तो चुरा पडद्यावर बसला की आवाज घोगरा होतो. फोम बदलता येतो, जाळी कोमट साबणाच्या पाण्याने धुता येते. कॅप्सूलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला आणि बारीक ‘टक्’ ऐकू आले, तर कॉइल शाबूत आहे. अनेकदा दोष प्लगमध्ये सुटलेल्या एखाद्या सोल्डरच्या डागापुरता निघतो. वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या दुकानांजवळ वापरलेल्या माईकमध्ये लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटून कॉइल अडलेली असू शकते. तो काढणे नाजूक काम आहे, आणि कॉइलच तुटली असेल तर हट्ट सोडावा. जुने हाय-इम्पिडन्स माईक लांब वायरवर घुमतात, त्यांना मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागतो. नवा माईक याहून स्वस्तात मिळतो, असेही कोणी म्हणेल. मिळतो, पण बाजारात नामांकित माईकच्या हुबेहूब नकलाही आहेत. जुन्या, खात्रीच्या माईकला लागणारा फोम आणि एक डाग त्यांच्यापुढे फार महाग नाही.

म्हणून एक साधी सूचना. संत एकनाथ रंगमंदिर, संत तुकाराम नाट्यगृह किंवा कुठल्याही महाविद्यालयाच्या सभागृहात ध्वनिसाहित्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आला, की प्रत्येक डायनॅमिक माईक उघडून तपासल्याची नोंद त्याला जोडलेली असावी. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक या ट्रेडमधल्या मुलांना हे काम एका दुपारी शिकवता येईल, आणि सरावासाठी माईकही त्याच कपाटातून मिळतील. वाचलेल्या पैशातून साउंडवाल्याला कार्यक्रमाच्या तासभर आधी बोलवावे, त्या वेळेचे वेगळे मानधन द्यावे. त्या तासात त्याने कीर्तनकाराला, शाहिराला, निवेदकाला माईक कुठे धरायचा आणि तोंडापासून किती ठेवायचा, हे प्रत्यक्ष दाखवावे.