अडाणी कोण?

"आदिवासी अडाणी, लस घेत नाहीत," असं आमच्या तळोद्यात आजही ऐकू येतं. मला हे साफ अमान्य आहे. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा नोंदणी फक्त ऑनलाइन. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर मोबाईलला रेंजच नव्हती! मग अडाणी कोण?

नंदुरबारच्या ऑक्सिजन प्लांटचं कौतुक झालं, ते योग्यच. पण पेशंटला तिथवर यायला राजी करते ती पाड्यावरची आशाताई. तिला भिली, पावरी बोलता येते. कोविन पोर्टलला येत नव्हती. तिला मात्र अजूनही पगार नाही, नुसतं मानधन. पुढची साथ येण्याआधी तिला कायम करा. लोकांना शहाणं करायला तीच पुरेशी आहे.