संध्याकाळी नाहीसा होणारा स्पीकर

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी संगीत ही चैन नसते. दिवस मावळू लागला की यांतील पुष्कळ रुग्ण बेचैन होतात, येरझाऱ्या घालतात, स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी जायचंय' असा हट्ट धरतात. वैद्यकात याला 'सनडाउनिंग' म्हणतात. अशा वेळी तरुणपणी कानांवरून गेलेली नाट्यपदे, भावगीते वा अभंग मंद आवाजात लावले, तर काही रुग्ण निवळतात. सर्वांनाच गुण येतो असे नाही. तथापि, या वयात शामक गोळ्यांनी तोल जाण्याचा धोका वाढतो, हे लक्षात घेता गोळी वाढवण्याआधी गाणे लावून पाहावे, असे मी नातेवाइकांना सांगतो.

म्हणूनच हल्ली अनेक घरांत बैठकीत एक, शयनगृहात एक असे वायफायवर चालणारे स्पीकर दिसतात. परगावच्या मुलाने ते आणून, जोडून दिलेले असतात. तो परत गेला की काही दिवसांतच त्यांतला एखादा फोनवरील यादीतून नाहीसा होऊ लागतो.

एक्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांच्या सूनबाईंनी मला हीच तक्रार सांगितली. "डॉक्टर, रोज साडेसातच्या सुमारास बाबांच्या खोलीतला स्पीकर गायब होतो. गाणं थांबलं की ते शोधायला उठतात. परवा पडले." हाड मोडले नव्हते, एवढेच नशीब. स्पीकर चार वेळा मूळ स्थितीला आणून झाला होता आणि आता नवा घेण्याचा विचार चालला होता.

मला या तक्रारीतला महत्त्वाचा शब्द वाटला तो 'साडेसात'. ताप कधी चढतो हे विचारल्यावाचून आपण औषध लिहीत नाही, तोच न्याय इथेही लावावा. साडेसातला त्या घरी रात्रीचे जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम होत असे आणि वायफायचा राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या फडताळात, स्टीलच्या डब्यांमागे ठेवलेला होता.

मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झ या कंप्रतेवर चालतो. बहुतेक साधे स्पीकर ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, तोच हा पट्टा. ओव्हनमधून जे थोडे निसटते ते सुस्थितीतील यंत्रात सुरक्षिततेच्या मर्यादेतच असते (त्याची भीती बाळगू नये), पण राउटरच्या क्षीण संदेशाला झाकोळून टाकण्यास तेवढे पुरते. फोन ठरावीक काळाने हजेरी घेत असतो. त्या क्षणी स्पीकरचे उत्तर पोहोचले नाही, तर वर्गात बसलेल्या मुलावरही गैरहजेरी लागते. राउटर फडताळातून काढून बैठकीत, उंचावर आणि मोकळ्यावर ठेवताच साडेसातचा त्रास थांबला. नवा स्पीकर घ्यावा लागला नाही.

प्रत्येक घरी कारण ओव्हनच असेल असे नाही. आपल्याकडे वीज जाणे हे मोठे कारण आहे. वीज परतल्यावर स्पीकर लवकर जागा होतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटे लागतात. काही स्पीकर तेवढा धीर धरत नाहीत, थोडा वेळ शोधून गप्प बसतात. अशा वेळी राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच स्पीकरचे बटण बंद करून पुन्हा लावावे. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर उत्तमच.

त्रास ठरावीक वेळेला न होता एक-दोन दिवसांआड होत असेल, तर संशय पत्त्यावर घ्यावा. राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीचा एक क्रमांक देतो. मुदत संपल्यावर तो बदलू शकतो आणि फोन जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. बहुतेक राउटरमध्ये एखाद्या उपकरणासाठी क्रमांक कायमचा राखून ठेवण्याची सोय असते. इंटरनेट जोडून देणाऱ्या तंत्रज्ञाला तसे स्पष्ट सांगावे, पाच मिनिटांचे काम आहे.

स्पीकर एकाच फोनवर दिसत नसेल आणि दुसऱ्यावर दिसत असेल, तर दोष स्पीकरचा नाही. तो फोन मोबाइल डेटावर किंवा पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असेल, त्यात व्हीपीएन चालू असेल, अथवा ॲपला घरातील जाळ्यावरची उपकरणे शोधण्याची परवानगी नसेल. ब्लूटूथच्या स्पीकरची कथा निराळी. तो बहुधा नातवाच्या फोनला जाऊन चिकटलेला असतो.

एवढे सगळे तपासल्यावाचून स्पीकर मूळ स्थितीला आणू नये. त्यात जुळणी पुसली जाते, क्षणभर सारे सुरळीत भासते आणि कारण जागच्या जागी राहते. वारंवार नाहीशा होणाऱ्या स्पीकरला तारेने जोडण्याची सोय असल्यास ती खुशाल वापरावी, मात्र तार भिंतीच्या कडेने नेऊन पक्की बसवावी. वृद्धाच्या खोलीत जमिनीवरून आडवी गेलेली तार मला चालत नाही.

आवाजाविषयी एक सूचना. वयपरत्वे आधी उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात. तेव्हा नुसता आवाज वाढवल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, खोली मात्र दणाणते. स्पीकर पलंगापासून तीन मीटरवर असेल तर दीड मीटरवर आणावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केल्याने सुमारे ६ डेसिबलचा फरक पडतो. तुटलेली जोडणी परत आली की काही संचांत गाणे एकदम मोठ्याने सुरू होते आणि झोपेच्या काठावरचा रुग्ण दचकतो. म्हणून ॲपमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येत असेल तर ती अवश्य ठरवावी.

हे सारे करूनही एखाद्या संध्याकाळी स्पीकर नाहीसा होणारच. रुग्णासमोर फोन हातात घेऊन खटपट करत बसण्याने त्याची बेचैनी वाढते. यासाठी पेन ड्राइव्हवर गाणी वाजवणारा एखादा साधा संच जवळ असू द्यावा. त्यात त्यांच्या आवडीची वीस-पंचवीस गाणी भरून तो उशाशी ठेवावा आणि वाजवण्याच्या बटणावर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी.