हयातीचा दाखला आणि मनगटावरची नाडी

दर नोव्हेंबरात बँकांच्या दाराशी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. कोणी नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन आलेले असते, कोणी कापडी पिशवीत पासबुक जपून आणलेले असते, आणि कष्टांनी रेषा झिजून गेलेला अंगठा यंत्रावर पुनःपुन्हा टेकवून प्रत्येकजण आपल्या हयातीची नोंद सरकारदफ्तरी करून घेतो. त्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, जिथे तीन बोटे टेकली असता हयातीची खरी साक्ष मिळावयाची, ती जागा मात्र कोणीच चाचपून पाहत नाही, आणि माझे सारे सांगणे त्या जागेविषयी आहे.

मनगटावर जाणवणारा हा ठोका हृदयातून येतो. हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, माथ्याशी असलेले त्याचे चिंचोळे उगमस्थान आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली जगापुढे मांडले. जन्मभर अहोरात्र स्पंदनाची आज्ञा देणाऱ्या या केंद्रातील पेशी वयोमानाप्रमाणे कमी होत जातात व त्यांची जागा तंतुमय ऊती घेतात. शिवाय वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने ताणलेली अलिंदाची भित्तीही जागोजाग राठ होते. त्यामुळे कोणाची नाडी मंदावते, मध्येच थबकते, आणि उभ्या उभ्या घेरी येते. अशांना पेसमेकरचा आधार देता येतो. इतर कित्येकांच्या अलिंदात मात्र मिनिटाला तीनशेहून अधिक विस्कळीत संदेश उसळू लागतात, अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते, आणि नाडीचा ताल पार हरवतो. साठीच्या आत विरळा आढळणारा हा विकार, पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार, ऐंशीच्या पुढे साधारण दहांत एकाला गाठतो.

माझी मावशी एकोणऐंशी वर्षांची असताना म्हणे, ‘छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं रे.’ आम्ही सर्वांनी, मीही, ‘वय झालं, चालायचंच’ एवढ्यावर तिची बोळवण केली. एके सकाळी तिच्या उजव्या हातातून चहाची कपबशी निसटली आणि तोंडातून शब्द फुटेना. इस्पितळात कार्डिओग्राम काढला तेव्हा त्या पाखराचे नाव आम्हांला कळले: अलिंदाची हीच थरथर. थरथरत्या अलिंदाच्या कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी धरते आणि तीच मेंदूकडे वाहून जाते. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वैद्यकीय देखरेखीखाली नियमाने घेतल्या तर तो निम्म्याहूनही कमी होतो, हे ज्ञान आमच्या घरात एका अंगाची किंमत देऊन आले.

म्हणूनच माझी मागणी साधी आहे. पासष्टी ओलांडलेला माणूस गुडघेदुखीसाठी येवो की चष्म्याच्या नंबरासाठी, दवाखान्यात त्याची नाडी बोटांनी निदान अर्धा मिनिट पाहिली जावी. रक्तदाबाच्या यंत्राने ठोक्यांचा आकडा दाखवला म्हणजे नाडी पाहिली, असा समज रूढ झाला आहे. पण बहात्तर हा आकडा सुतासारख्या सरळ नाडीचाही असतो आणि वेड्यावाकड्या धावणाऱ्या नाडीचाही. बोटांना ताल चुकलेला जाणवला, तर त्याच दिवशी कार्डिओग्रामची चिठ्ठी मिळावी. आणि नोव्हेंबरात हजारो वृद्ध आपण होऊन एका जागी जमतातच, तर कोषागाराने व बँकांनी आरोग्यखात्याशी विचारविनिमय करून, त्या रांगेशेजारी एका परिचारिकेची व एका खुर्चीची तजवीज करावी. याला फार मोठी तरतूद लागणार नाही. ही नाडी महत्त्वाची आहे असे कोणाला तरी मनापासून वाटावे लागेल.

मावशीचा यंदाचा दाखला घरी येऊन घेतला गेला. तिचा उजवा अंगठा यंत्रावर सरळ टेकेना, म्हणून डाव्याचा ठसा घेतला.