बिल विभागाच्या दारात जाऊ द्या

विद्यापीठात वीज सगळेच वापरतात, पण बिल बघतो तो लेखा विभागातला एक कारकून आणि त्याच्या टिपणावर सह्या करणारे चार-पाच अधिकारी. मी एका विद्यापीठाच्या विद्युत विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि त्याच विभागातून निवृत्त झालो. एवढ्या नोकरीत एकाही विभागप्रमुखाने, 'आमच्या इमारतीला महिन्याला किती युनिट लागतात हो?' असं विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. महावितरणची उच्चदाबाची (एचटी) लाइन आवारातल्या सबस्टेशनला येते आणि बिलाचं मीटर तिथे एकच असतं. पुढे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, मुलींचं वसतिगृह, कुलगुरूंचा बंगला आणि ग्रंथालयाची अभ्यासिका, सगळ्यांची वीज एकाच आकड्यात मिसळून जाते.

हे आज लिहायचं कारण म्हणजे विद्यापीठांत सध्या 'नेट झिरो'चे वारे आहेत. भारताने 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत 2070 पर्यंत नेट झिरो होण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून परिसंवादांना तोटा नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत पर्यावरणाच्या कामाला गुण असल्यामुळे ग्रीन ऑडिटची फाइलही बहुतेक महाविद्यालयांत तयार असते. ती सल्लागार बनवतो, प्राचार्य सही करतात आणि समिती येऊन गेली की ती कपाटात जाते. ज्या मुली मे महिन्यात रात्री खोली थंड व्हावी म्हणून गच्चीवर बादल्या ओततात, त्यांना ऑडिटच्या वेळी कुणी काही विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हवामान-तटस्थ, म्हणजेच नेट झिरो, विद्यापीठ टेंडर काढून विकत घेता येत नाही. वीज, पाणी, गॅस वापरणाऱ्या माणसांनी एकत्र बसून आराखडा करायचा, त्यातली एखादी गोष्ट एका इमारतीत एक हंगाम करून बघायची, आधीचं आणि नंतरचं रीडिंग सगळ्यांसमोर मांडायचं आणि मगच ती आवारभर न्यायची. छतावर सौर पॅनल जरूर बसवा. पण खाली विजेची गळती तशीच ठेवून वर पॅनल वाढवत नेले, तर आपण गळतीसाठीच वीज तयार करत राहू.

वृक्षारोपणाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. मोठं झालेलं एक झाड वर्षाला ढोबळमानाने वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरतात. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दीड टनाचा एसी कार्यालयीन वेळेत दिवसाला दहा युनिट खात असेल, तर झाडाची वर्षभराची कमाई तीन-चार दिवसांत संपते. झाडं सावलीसाठी, पाखरांसाठी, मातीसाठी लावावीत. एसीचा हिशेब त्यांच्या नावावर टाकू नये.

बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीने 2007 पासून एक साधा नियम लावला. प्रत्येक विभागाच्या ऊर्जावापराची एक पायारेषा ठरवली. वापर तिच्या खाली आला तर वाचलेल्या पैशांतला निम्मा वाटा त्या विभागाला आणि वर गेला तर जादा खर्च विभागाच्या खिशातून. नाताळच्या सुटीत इमारती बंद ठेवून हीटिंग उतरवायचं, हेही ठरलं. 2000-01 च्या तुलनेत तिथला ऊर्जावापर सुमारे एक चतुर्थांशाने खाली आला. याच विद्यापीठाने डिसेंबर 2019 मध्ये हवामान आणीबाणी जाहीर केली आणि 2025 पर्यंत तटस्थ होण्याचं उद्दिष्ट ठेवलं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बारा वर्षं मीटर वाचले, मोठी घोषणा नंतर झाली. आपल्याकडे घोषणा आधी होते आणि मीटर बहुधा येतच नाही.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात प्रश्न विमानप्रवासाचा होता. 2017 मध्ये त्यांनी वरून फर्मान काढलं नाही. कुणाला किती प्रवास गरजेचा आहे यावर विभागाविभागात चर्चा झाली आणि प्रत्येक विभागाने आपलं लक्ष्य स्वतः ठरवलं. सगळ्यांची गोळाबेरीज 2025 पर्यंत दरडोई 11 टक्के घट एवढीच आली. आकडा छोटा वाटतो, पण तो प्राध्यापकांनी भांडून स्वतः मान्य केलेला होता. कुलगुरूंच्या परिपत्रकातले पन्नास टक्के आणि विभागाने मान्य केलेले अकरा टक्के यांतून मला निवडायला सांगितलं, तर मी अकरा घेईन. परिपत्रकं मी पुष्कळ पाहिली आहेत.

हे युरोपचं कौतुक म्हणून सांगत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने पाण्याच्या बाबतीत हेच करून दाखवलं आहे. पाऊस किती पडला हे मोजायचं, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. बोअरचं पाणी शेतीला नाही, हा कडक नियमही गावाने स्वतःवर घालून घेतला. शेतकरी हे सभेत बसून ठरवू शकतात, तर पीएचडी झालेल्या माणसांच्या वस्तीला विजेचा ताळेबंद का मांडता येऊ नये?

सभेत बसलं की काय बाहेर येतं, त्याचं उदाहरण वसतिगृहाचं देतो. गच्चीवर सोलर वॉटर हीटर असतात, कागदावर ती इमारत 'हरित' असते. पण टाकीपासून शेवटच्या न्हाणीपर्यंत पाइप इतका लांब, की सकाळी नळाला गरम पाणी येईतो निम्मी टाकी गार पाणी म्हणून वाहून जाते. सातच्या प्रॅक्टिकलला पळणारी मुलं मग बादलीत हीटरचा रॉड टाकतात. रॉड दीड-दोन किलोवॉटचा. रेक्टर धाड घालून रॉड जप्त करतात, मुलं नवे आणतात. ऑडिट करणाऱ्याला एकही रॉड दिसत नाही, कारण त्या दिवशी सगळे गादीखाली असतात. दंड न करण्याचं वचन देऊन मुलांना बोलतं केलं, तर खरा भार तासाभरात कळेल. पाइपला इन्सुलेशन किंवा प्रत्येक मजल्याला छोटी टाकी, यांतलं काय चालेल तेही तीच सांगतील.

प्रयोगशाळेतलं उदाहरण वेगळं आहे. जीवशास्त्राच्या विभागांत उणे 80 अंशांवर चालणारे फ्रीझर असतात. असा एक फ्रीझर एखाद्या घराइतकी वीज खातो. तो उणे 70 वर आणला तर सुमारे 30 टक्के वीज वाचते, हे परदेशांतल्या प्रयोगशाळांनी मोजून दाखवलं आहे. पण मी अभियंता म्हणून जाऊन ते बटण फिरवू शकत नाही, आणि फिरवूही नये. आत कुणाच्या तरी पाच वर्षांच्या संशोधनाचे नमुने आहेत. कोणते नमुने उणे 70 ला सुरक्षित राहतील, कोणते फेकायचे राहून गेलेत, हे ते नमुने जमवणारे संशोधकच सांगू शकतात. त्यांनी आधी एक फ्रीझर लावून बघावा, पटलं तर बाकीचे.

पंख्यांचा हिशेब तर कुणीही करावा असा आहे. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा 30 च्या आसपास. तीनशे पंख्यांचं वसतिगृह, दिवसाला पंधरा तास, वर्षाचे 240 दिवस धरले तर साधारण 48 हजार युनिट वाचतात, म्हणजे तीसहून जास्त टन कार्बन डायऑक्साइड. युनिटला दहा आणि पंख्याला तीन हजार रुपये धरले तर दोन वर्षांत पैसे वसूल. मग सरळ तीनशे मागवून टाकावेत की! तिथेच थांबावं. यांतले बरेच पंखे रिमोटवर चालतात आणि एका खोलीत चौघे राहतात. रिमोट कुणाच्या उशाशी राहणार, सेल कोण आणणार, हरवला तर काय, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. एका मजल्यावर एक उन्हाळा लावून बघितलं, तर भिंतीवरच्या बटणावर चालणारं मॉडेल घ्यायला हवं हे आधीच कळतं.

आता आक्षेप. पहिला पैशांचा: प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तिथे मीटर कुठून आणायचे? सबमीटर, म्हणजे प्रत्येक इमारतीचं स्वतःचं मीटर, ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. रीडिंग आणि नोंदी 'कमवा व शिका'तल्या मुलांकडे द्याव्यात. ती योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आली. त्या योजनेतल्या वाफे खुरपण्याइतकंच हेही श्रमाचं काम आहे आणि त्यातून हाताला एक कसब मिळतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका खोलीत चौघे कोंबलेल्या, कूलरही नसलेल्या आपल्या मुलांनी कार्बन तो किती सोडला, आणि त्यांनी कपात का करायची? मान्य. म्हणूनच आराखडा वरून येऊ नये. वरून आलेली कपात नेहमी सर्वांत कमकुवत माणसाच्या पंख्यापर्यंत पोचते आणि रिकाम्या सभागृहातल्या एसीला सोडून देते. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावणं हा वरच्या मजल्यावरच्या मुलींचा हक्काचा प्रयोग आहे. त्यात वीज वाचो न वाचो, झोप मिळेल, आणि तीही नोंदवहीत लिहावी.

तिसरा आक्षेप भौतिकशास्त्रवाल्यांचा असेल: आमची यंत्रं मोठी, मराठी विभागाशी आमची तुलना कशी? करूच नये. बर्लिनसारखी प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या वापराशी असावी. आणि फसलेल्या प्रयोगांचे आकडेही सूचनाफलकावर लागावेत. एखादं बायोगॅस संयंत्र का बंद पडलं हे शेजारच्या विद्यापीठाला कळलं, तर ते निदान तीच चूक करणार नाही.

मार्चमध्ये अधिसभेपुढे अर्थसंकल्प येईल. त्यात तीन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक इमारतीला सबमीटर, बचतीतला निम्मा वाटा त्या विभागाला किंवा वसतिगृहाला देण्याचा नियम, आणि दर सत्राच्या शेवटी विद्यार्थी, शिक्षक, वायरमन, मेसचे आचारी आणि सफाई कामगार यांची आकडे समोर ठेवून भरणारी खुली सभा. तिन्हींची तरतूद नसेल आणि केवळ नेट झिरोचा ठराव टेबलावर आला, तर सदस्यांनी तो एकमताने तहकूब करावा.