बांधलेले इंजिन की उतरवलेले?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या वार्षिक अंकात इंजिनावर लेख कशाला, असे कित्येकांच्या मनात येईल. पावसाळा, आई, मैत्री आणि तरुणांपुढील आव्हाने या विषयांवर आपल्या अंकात दरवर्षी लिहिले जाते व ते चांगलेच असते. मला मात्र ज्या विषयातले थोडेफार कळते, तो हा आहे. माझ्या वडिलांचे जत रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही; घरात जी विद्या आहे ती ग्रीसने माखलेल्या हातांची. या विद्येत एक प्रश्न असा आहे की तो घेऊन महिन्यातून एक तरी माणूस आमच्या शेडमध्ये येऊन बसतो. जुन्या डिझेल गाडीचे इंजिन संपले आहे. आता तेच बांधून घ्यावे, की दुसऱ्या गाडीचे उतरवलेले इंजिन आणून बसवावे?

हा प्रश्न निव्वळ मिस्त्रीचा आहे असे मला वाटत नाही. यात अर्थशास्त्र आहे, कायदा आहे आणि माणसामाणसांतला विश्वासही आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : इंजिन बांधून घ्यावे. त्यावर ‘मिस्त्रीचा पोरगा दुसरे काय सांगणार’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. इंजिन बांधण्यात माझ्या वडिलांना पंधरा दिवसांची मजुरी मिळते, नुसते बदलण्यात दोन-तीन दिवसांची. तेव्हा वाचकांनी माझे बोलणे तेवढे पारखूनच घ्यावे.

‘इंजिन संपले’ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. हवा पंधरा ते बावीस पट दाबली की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सगळा खेळ या दाबाचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर घासून सैल झाला, की दाब खाली निसटतो. मग सकाळी गाडी सुरू होत नाही, चढाला दम लागतो, ऑइल जळून निळा धूर येतो. चालू इंजिनावरचे ऑइल भरायचे झाकण काढले की आतून भकाभका वाफारा येतो. आमच्याकडे त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात. डॉक्टर जसा जीभ पाहतो तसे वडील आधी ते झाकण उघडतात. झाकणाच्या आत पांढरट फेस दिसला, तर ऑइलात पाणी मिसळले असल्याचा संशय घ्यायचा. म्हणजे हेड गॅस्केट गेले किंवा हेडला चीर पडली.

आता उतरवलेल्या इंजिनाची बाजू. ती कमकुवत नाही. अपघातात मोडलेल्या किंवा भंगारात काढलेल्या गाडीचे इंजिन मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात किंवा अशाच दुसऱ्या शहरात मिळते. पैसे टाकले की हातात येते. गाडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी रस्त्यावर. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला पंधरा दिवस गाडी उभी ठेवणे म्हणजे पंधरा दिवसांचा रोजगार बुडवणे, आणि हप्ते तर थांबत नाहीत. शिवाय ते इंजिन कंपनीत जसे जुळले होते तसेच असते. त्याला कोणा गल्लीतल्या लेथवाल्याचा हात लागलेला नसतो. नशीब चांगले असेल तर असे इंजिन पाच-सहा वर्षे सहज ओढते. आमच्याच शेडमध्ये बसवलेली अशी दोन इंजिने अजून धडधडत आहेत.

पण ‘नशीब चांगले असेल तर’ या चार शब्दांवर कोणी चाळीस हजार रुपये लावावेत का?

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध समजावून सांगितला, तेव्हा मला वर्गात बसून शेड दिसू लागली. जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला हा निबंध दोन-तीन नियतकालिकांनी नाकारला होता, आणि त्याच विचारासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जुनी गाडी विकणाऱ्याला तिचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही बेताचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब गाड्या उरतात. अमेरिकेत अशा फसव्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात.

सरांना मी तासानंतर एक शंका विचारली होती, ती इथे लिहितो. सुट्या इंजिनाच्या बाजारात तर विकणाऱ्यालाही काही ठाऊक नसते. त्याने ती गाडी लिलावात घेतलेली असते. ते इंजिन किती किलोमीटर चालले, कोणी चालवले, पाण्याविना तापवले का, ऑइल वेळेवर बदलले का, हे जाणणारा एकच माणूस असतो : तिचा पहिला ड्रायव्हर. आणि तो बाजारात हजर नसतो. दुकानदार ‘चालू करून देतो’ एवढी हमी देतो. चालू तर होतेच! बॅटरी लावून जमिनीवर पाच मिनिटे चालवलेले इंजिन आणि नऊ माणसे घेऊन घाट चढणारे इंजिन यांत फार अंतर आहे. बाहेरून रंग मारलेला असेल तर आमचे वडील उलट जास्त घाबरतात. सर म्हणाले, ‘हे लिहून काढ.’ हा लेख त्यातूनच झाला.

दुसरी गोष्ट कायद्याची. इंजिनाच्या ब्लॉकवर क्रमांक ठोकलेला असतो आणि तोच गाडीच्या नोंदणीपुस्तकात असतो. इंजिन बदलले की क्रमांक बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमात याची तरतूद आहे. आर.टी.ओ.ला कळवावे लागते आणि नवी नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी इंजिन कोठून घेतले याचे बिल व कागद लागतात. सुट्या भागांच्या बाजारात बिल मागितले की पुष्कळदा भाव वाढतो, नाहीतर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मीरतच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या कापून सुटे भाग विकले जात; २०२१ साली पोलिसांनी कारवाई करून तो बाजारच बंद पाडला. तेव्हा चोरीचे इंजिन ही काही सिनेमातली गोष्ट नव्हे. काही जण यावर युक्ती काढतात : क्रमांक घासायचा आणि आपल्या पुस्तकातला ठोकायचा. असे काम घेऊन आलेल्या माणसाला वडिलांनी चहा पाजून परत पाठवलेले मी पाहिले आहे. इंजिन बांधले की ब्लॉक तोच राहतो, क्रमांक तोच राहतो, आणि रात्री झोप लागते.

याचा अर्थ बांधलेल्या इंजिनात फसवणूक नाही असा मुळीच नव्हे. उलट मिस्त्री मनात आणील तर बाजारातल्या दुकानदारापेक्षा सफाईने फसवू शकतो. रिंगा कंपनीच्या की लोकल? सिलिंडर खरेच बोअर केला, की नुसत्या रिंगा बदलून झाकण लावले? क्रँक मापून ग्राइंड केला, की ‘चालेल’ म्हणून जुन्यावरच नवी बेअरिंगे चढवली? हेड पाण्याच्या दाबावर तपासले का? डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेट केले का? गिऱ्हाइकाला यातले काही दिसत नाही. तालुक्यात असे काम करणारे आहेत, आणि त्यांच्यामुळेच ‘बांधलेलं इंजिन वर्षभर टिकत नाही’ ही म्हण पडली आहे.

फरक इतकाच की हे अज्ञान दूर करता येते. गिऱ्हाईक स्टूल घेऊन शेडमध्ये बसू शकते. जुने पिस्टन हातात घेऊ शकते, नव्या भागांची खोकी व बिले स्वतः सांभाळू शकते, लेथवाल्याकडून मापांची चिठ्ठी मागू शकते. कुर्ल्याच्या इंजिनाचा भूतकाळ कितीही पैसे दिले तरी विकत मिळत नाही. म्हणून माझ्या मताला मी एक अट घालतो. ज्याला शेडमध्ये बसायला वेळ नाही आणि ज्याचा ओळखीचा मिस्त्री नाही, त्याने खुशाल उतरवलेले इंजिन घ्यावे. न पाहता बांधून घेतलेले इंजिन दोन्हींत वाईट.

आता जे प्रकरण सध्या आमच्या दारात उभे आहे त्याबद्दल. माझ्या मामांकडे १९९९ सालची टाटा सुमो आहे. सुमंत मुळगावकरांच्या नावावरून जिला नाव पडले ती ही गाडी. तिचे १९४८ सी.सी.चे साधे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन आहे. मामांची वस्ती डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. आजीला महिन्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात न्यावे लागते, आणि वस्तीवर रात्री-अपरात्री कोणाला कळा सुरू झाल्या की सुमोच निघते. डाळिंबाचे पैसे आले ते औषधफवारणीच्या उधारीत गेले. इंजिनासाठी मामांनी चार शेळ्या विकल्या आणि उरलेले सोसायटीतून उचलले.

उतरवलेले इंजिन बेचाळीस हजारांना मिळत होते. बांधायचा अंदाज अठ्ठावन्न हजारांच्या आसपास निघाला. मामा म्हणाले, ‘दाजी, सोळा हजार म्हंजे माझं दोन महिन्याचं दूध हाय.’

वडिलांनी किमतीचा विषय काढलाच नाही. त्यांनी विचारले, ‘पाव्हणं, गाडी अजून किती वर्सं ठेवायची?’ पुस्तकावर २०२४ साली नूतनीकरण होऊन २०२९ पर्यंतची मुदत मिळाली आहे. पुढे पुन्हा तपासणी, पुन्हा शुल्क. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले हे मामांना चांगलेच लक्षात आहे. म्हणजे खर्च जो करायचा तो २०२९ पर्यंतचा धरून करायचा. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते याबाबतीत याहून महत्त्वाचा प्रश्न नाही : हे इंजिन मेले कशाने?

एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरला होता. वस्तीच्या रस्त्याची धूळ फिल्टरला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये जात होती आणि पॉलिश पेपरासारखी घासत होती. रेडिएटर स्वच्छ होता, इंजिन कधी तापलेले नव्हते, हेड शाबूत होते. मामांनी बेचाळीस हजारांचे इंजिन आणून त्याच पाइपाला जोडले असते, तर तेही त्याच धुळीने मेले असते. गाडी बदलणारे, इंजिन बदलणारे पुष्कळ. पाइप पाहणारे थोडे. उतरवलेल्या इंजिनाचा हा दोष कोणी मोजत नाही : ते इतक्या लवकर बसते की जुने का गेले हे विचारायला सवडच मिळत नाही.

गाडीच मोडीत काढा, असे काही प्राध्यापक म्हणतील. धुराचा मुद्दा खरा आहे. १९९९ ची गाडी कितीही चांगली बांधली तरी एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. झिजलेल्या इंजिनापेक्षा धूर पुष्कळ कमी होईल, एवढेच. शहरात रोज धावणाऱ्या गाडीला मी हा युक्तिवाद लावणार नाही. मात्र नव्या गाडीची किंमत ऐकून ज्याला हसू येते, आणि ज्याच्या वस्तीवर एस.टी. येत नाही, त्याच्यापुढे तिसरा पर्याय ठेवणे म्हणजे उपाशी माणसाला आहारशास्त्र शिकवणे होय.

सोळा हजारांचा जो फरक आहे तो जवळजवळ सगळा मजुरीचा आहे, हेही नोंदवून ठेवतो. पिस्टनची किंमत खोक्यावर छापलेली असते, तिच्यावर कोणी घासाघीस करत नाही. सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवून झीज किती आहे हे सांगणाऱ्या हाताची किंमत मात्र प्रत्येक जण पाडून मागतो. वडिलांच्या हाताखाली हल्ली पोरगा टिकत नाही. मीही शेडमध्ये न बसता येथे येऊन बसलो आहे.

मामांचा ब्लॉक आणि क्रँक सध्या कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर आहे. मामा स्वतः सोबत गेले होते आणि मापांची चिठ्ठी खिशात घालून आले. इंजिन चढले की पहिले हजार-दीड हजार किलोमीटर गाडी रिकामी आणि हळू चालवायची, मग ऑइल बदलायचे, असे वडिलांनी त्यांना तीनदा बजावले आहे. पुढच्या पंधरवड्यात वस्तीवर लग्न आहे, वऱ्हाड नेण्यासाठी आतापासूनच विचारणा सुरू झाली आहे, आणि मामांनी अजून कोणालाच नाही म्हटलेले नाही.